हाडांना काम द्या : पन्नाशीच्या आसपास सुरू करायचा घरचा कार्यक्रम

मनगटाचं प्लास्टर निघालं की पेशंट आमच्याकडे, फिजिओथेरपीला येतो. बोटं आखडलेली, मनगट वळत नाही, कणीक मळता येत नाही. चिठ्ठीवर एकच ओळ असते : मनगटाचे व्यायाम, दोन आठवडे. "कशा पडलात?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, अंगणात पाय घसरला, हात टेकला."

पन्नाशीनंतर नुसत्या उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर ज्या फरशीवर पाय घसरला तिच्याइतकीच हाडाचीही चौकशी व्हायला हवी. ती सहसा होत नाही. प्लास्टर घालणाऱ्याला वेळ नसतो, घरच्यांना मोडलेलं जुळलं यातच समाधान असतं, आणि आम्ही फिजिओथेरपिस्ट बोटं सोडवण्यात गुंततो. मग सात-आठ वर्षांनी त्याच बाई खुब्याचं हाड मोडून येतात. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात पाचांतला एक जण तरी दगावतो. म्हणून मनगट मोडणं ही पहिली नोटीस समजायची.

हा लेख ती नोटीस येण्याआधी आणि आल्यानंतर घरी काय करायचं याबद्दल आहे. गोळ्यांपेक्षा व्यायामाला जागा जास्त दिली आहे, कारण घरोघरी उणीव त्याचीच दिसते. कॅल्शियमची डबी बहुतेक फ्रिजवर असतेच.

हाड झिजतं म्हणजे काय होतं

हाडात आयुष्यभर रस्त्याची कामं चालू असतात. एक टोळी जुनं खोदते, दुसरी नवं भरते. खोदायला काही आठवडे पुरतात, भरायला काही महिने लागतात. तिशीपर्यंत भरणाऱ्यांचा हात वरचढ असतो. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि खोदणाऱ्यांवरचा लगाम सुटतो. पहिली पाच-सात वर्षं झीज सर्वांत वेगात होते. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधीच. साठीत जाग येऊन उपयोग होतो, पण पंचेचाळिशीत आली तर कितीतरी जास्त होतो.

ही झीज दुखत नाही. गुडघेदुखी, सांधेदुखी, अंगदुखी हे ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, लक्षण नव्हे. हाड मोडेपर्यंत तो गप्प असतो. कधी कधी मोडल्यावरही. मणक्याची फ्रॅक्चर बरीचशी कोणाच्या लक्षातच येत नाहीत. एसटीच्या मागच्या सीटवर बसलं, गतिरोधकावर गाडी आदळली, पाठीत कळ आली. "उसण भरली" म्हणून शेक घेतला, बाम चोळला आणि विषय संपला. आत मणका चेपलेला असतो.

पायरी पहिली : आपण कुठे आहोत ते बघा

एक कागद घ्या आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. पन्नाशीनंतर किरकोळ पडून कुठलं हाड मोडलं आहे का? आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली का? गर्भाची पिशवी काढली आहे का, आणि तेव्हा अंडाशयही काढले का? दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी स्टेरॉईडच्या गोळ्या सलग तीन महिने किंवा जास्त घेतल्या आहेत का? थायरॉईडचा आजार, फिटची औषधं, वजन फारच कमी, विडी-सिगारेट, दारू? एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर पुढची पायरी टाळू नका.

पिशवीच्या प्रश्नावर जरा थांबते. शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ बायकांना आपले अंडाशय आत आहेत की नाहीत हेच माहीत नसतं. "सगळं काढलं" एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. दोन्ही अंडाशय काढले तर पाळी जाण्याचा सगळा परिणाम त्याच दिवसापासून सुरू होतो, वय पस्तीस असलं तरी. अंडाशय ठेवले तरी ते थोडे लवकर थकू शकतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या चर्चेत शस्त्रक्रिया गरजेची होती का, यावर बोलणं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण तिशी-पस्तिशीत शस्त्रक्रिया झालेल्या या बायका आज डोक्यावर मोळ्या वाहतात. त्यांच्या मणक्यांचं पुढे काय, हे आता आपण विचारलं पाहिजे. अशी बाई तुमच्या ओळखीत असेल तर जुने डिस्चार्ज कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आता उंची मोजा. भिंतीला टाच, कंबर, पाठ टेकवून उभ्या राहा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीची खूण करून घ्या. तरुणपणीची उंची आठवत नसेल तर विम्याचा किंवा पासपोर्टचा जुना कागद काढा. चार सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला हवा. भिंतीला टेकून उभं असताना, हनुवटी वर न करता, डोक्याची मागची बाजू भिंतीला लागत नसेल तर तीही सूचना आहे.

मग या तीन चाचण्या. कोणीतरी शेजारी उभं राहू द्या, मोबाईलवर घड्याळ लावा.

१. हात छातीवर दुमडून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायातली ताकद कमी पडते आहे.

२. खुर्चीवरून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे.

३. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावून एका रेषेत उभ्या राहा. दहा सेकंद टिकलं नाही तर तोल कमी आहे.

आकडे तारखेसह लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी हेच परत करायचं आहे.

पायरी दुसरी : डेक्सा तपासणी

हाडांची घनता मोजायची खरी तपासणी डेक्सा. टेबलावर झोपायचं, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं, किरणं छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. तपासणीच्या आधी एक दिवस कॅल्शियमची गोळी घेऊ नका. पासष्ट ओलांडलेल्या बायका, सत्तर ओलांडलेले पुरुष, आणि त्याआधीही वरच्या यादीत 'हो' आलेले लोक, यांनी ती करून घ्यावी. पुरुषांनी आपण यातून सुटलो असं समजू नये. जगभरात पन्नाशीपुढच्या तीन बायकांमागे एकीचं, तर पाच पुरुषांमागे एकाचं हाड या आजाराने मोडतं.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर बघा, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपली घनता किती तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली मोजपट्टी अशी : उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. कंबर आणि खुबा, दोन्ही आकडे पाहा. म्हातारपणी मणक्यांना काटे आलेले असतात, त्यामुळे कंबरेचा आकडा आहे त्याहून चांगला दिसू शकतो. "उणे २ आहे, म्हणजे काही नाही" असंही म्हणू नका. हाड मोडून येणाऱ्यांत या मधल्या गटातले पुष्कळ असतात. म्हणून डॉक्टर 'फ्रॅक्स' नावाचं गणित वापरतात. त्यात वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर वगैरे घालून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढता येतो. भारतासाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे.

शिबिरांत टाच एका छोट्या यंत्रात ठेवून जी मोफत तपासणी होते ती डेक्सा नव्हे. तिच्यावर टी-स्कोअरची वरची मोजपट्टी चालत नाही. तिथून "हाडं ठिसूळ आहेत" असा कागद आणि सोबत गोळ्यांचं पाकीट मिळालं, तर घाबरू नका आणि पाकीटही उघडू नका. खरी तपासणी करून घ्या.

पायरी तिसरी : आधी वाकायला शिका

व्यायामाची यादी बघायची घाई असते, पण ज्याचा मणका ठिसूळ आहे त्याला पहिल्या दिवशी मी वजन देत नाही, काठी देते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांचे गट केले. पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के बायकांना मणक्याची नवी फ्रॅक्चर झाली, पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के. गट लहान होते, आकडे जसेच्या तसे धरू नयेत, पण दिशा स्पष्ट आहे. पाठ गोल करून पुढे वाकलं की मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि चेपतो तोही तोच भाग.

केरसुणीचा दांडा किंवा कुठलीही सरळ काठी पाठीवर उभी धरा. एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे : डोकं, दोन खांद्यांच्या मधे, माकडहाड. आता गुडघे किंचित सैल सोडा आणि मागे असलेल्या खुर्चीला कुल्ले टेकवायचे आहेत असं समजून कुल्ले मागे न्या. धड पुढे झुकेल, पण काठी तिन्ही ठिकाणी चिकटलेली राहायला हवी. पहिल्या दिवशी कमरेजवळ काठी सुटतेच. बाजूने कोणालातरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, स्वतःचं दिसलं की लगेच कळतं. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा, आठवडाभर एवढंच करा.

मग हेच मोरीतल्या बादलीवर आणा. भरलेली मोठी बादली पंधरा-वीस किलोंची असते, आणि आपण ती पाय जुळवून, पाठ गोल करून, हात लांब करून, वर वळत वळत उचलतो. मणक्याला जे जे नको ते सगळं एका झटक्यात. त्याऐवजी बादली अर्धी भरा. तिच्या अगदी जवळ जा, एक पाऊल पुढे एक मागे ठेवा. काठीच्या वेळी झुकलात तसं झुका, गुडघे वाकवा, कडी पकडा, श्वास सोडत पायांच्या जोराने उठा. बादली मांडीला लागूनच वर आली पाहिजे. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर नव्हे. दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत, हे एका भरलेल्या बादलीपेक्षा केव्हाही बरं.

कपडे धुणं, केर काढणं, फरशी पुसणं, पाळण्यातून नातवंड उचलणं, सगळीकडे हीच हालचाल. लांब दांड्याचा झाडू आणि उभ्याने पुसायचा पोछा घ्या. सासूबाईंच्या काळी बसून पुसायचे हे खरं; पण बसून पुसताना पाठ किती गोल होते तेही बघा.

पायरी चौथी : भार

"मी रोज तासभर चालते की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते पूर्ण व्हायच्या आतच मान हलवते. चाला, जरूर चाला. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं चांगलं. पण हाडाला सवयीचा भार मोजावासाच वाटत नाही. जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडलं होतं की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलतं. अंतराळात भारच नसतो, तर अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. नेहमीपेक्षा जास्त, झटक्याचा आणि निरनिराळ्या दिशांनी येणारा भार हाडाला जागं करतो. तो थोडा वेळ पुरतो, तासन्‌तास नको. पोहणं आणि सायकल हे उत्तम व्यायाम आहेत, पण हाडांसाठी नव्हेत.

जड वजनाची भीती घालवणारा एक अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. पाळी गेलेल्या, घनता कमी असलेल्या १०१ बायका, आठ महिने. एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, खरोखरीची जड वजनं उचलली आणि उड्या मारल्या. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १ टक्क्याच्या आसपास घटली. जड व्यायामाने कोणाचं हाड मोडलं नाही. अर्थात त्यांना सुरुवातीला हलक्या वजनावर तंत्र शिकवलं होतं, आणि शेजारी शिकवणारा उभा होता. व्हिडिओ बघून एकटीने बारबेल उचलायला जाऊ नका.

घरी सुरुवात अशी करता येईल. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून.

खुर्चीवरून उठ-बस : हात छातीवर, सावकाश बसा, जोरात उठा. आठ ते बारा वेळा, असे दोन-तीन फेरे. सोपं वाटायला लागलं की पाच किलोंची तांदळाची पिशवी छातीशी धरा.

पिशवी उचल : मजबूत बंदांची कापडी पिशवी स्टुलावर ठेवा, त्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घाला. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. वर शिकलेल्या पद्धतीने झुकून उचला आणि ठेवा. तंत्र बसलं की स्टूल बुटकं करत जा.

ओट्यावरचे जोर : ओट्याच्या कडेला दोन्ही हात, पाय मागे, अंग एका रेषेत, छाती ओट्याकडे न्या आणि ढकला. मनगटाच्या हाडाला भार मिळायला हा सोपा रस्ता. ओटा कोरडा असू द्या.

पायरी चढ-उतार : जिन्याच्या पहिल्या पायरीवर, कठडा धरून, एकाच पायाने दहा वेळा, मग दुसऱ्या.

पाठीचा व्यायाम : पलंगावर पालथं झोपा, पोटाखाली उशी, हात अंगालगत. खांद्यांची पाती एकमेकांकडे ओढा आणि छाती चार बोटं वर उचला. मान वर करून समोर बघायचं नाही, नजर गादीकडे. पाच मोजा, खाली या. पालथं झोपता येत नसेल तर भिंतीला पाठ लावून उभ्या राहा आणि डोकं, कोपरं भिंतीत दाबा. पाठीचे स्नायू बळकट ठेवलेल्या बायकांत पुढच्या काही वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर कमी झाली, हे सिनाकींच्याच नंतरच्या एका अभ्यासात दिसलं.

वजन पुरेसं आहे का, हे कसं ओळखायचं? शेवटच्या दोन वेळा चेहरा थोडा वाकडा व्हायला हवा. बारा वेळा करूनही गप्पा मारता येत असतील तर वजन वाढवा. श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखले तर चालेल. पाठीच्या मधोमध हाडात कळ आली तर थांबा आणि दाखवा. रक्तदाब ताब्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, मणक्याचं फ्रॅक्चर माहीत असेल, तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला भेटून मगच सुरू करा.

फळ कधी दिसतं? पायातली ताकद सहा-आठ आठवड्यांत जाणवते. हाडाचा हिशेब मात्र वर्षाचा. आणि सोडलं की कमावलेलं हळूहळू जातं.

पायरी पाचवी : धक्का आणि तोल

ओटा धरून टाचा उचला, आणि धप्पकन खाली सोडा. पायापासून खुब्यापर्यंत धक्का जाणवला पाहिजे. दहापासून सुरू करा, काही आठवड्यांत पन्नासपर्यंत न्या. मणका शाबूत असेल, गुडघे तक्रार करत नसतील, तर पुढे जागच्या छोट्या उड्या. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०२२ साली एकमताने दिलेला सल्लाही असाच आहे : ज्यांना मणक्याचं फ्रॅक्चर नाही त्यांनी बहुतेक दिवशी पन्नासेक मध्यम धक्के घ्यावेत, ज्यांना आहे त्यांनी झपझप चालण्यासारखे हलके.

आपल्याकडे हे सगळं श्रावणात व्हायचंच. झिम्मा, पिंगा, फुगडी, कोंबडा. मंगळागौरीच्या खेळांत उड्या आहेत, बाजूला झेप आहे, अचानक दिशा बदलणं आहे. हाडांना नेमकं तेच लागतं. चाळिशीतल्या बायकांनी ते फक्त स्पर्धेपुरते आणि फोटोपुरते ठेवू नयेत. साठीनंतर किंवा घनता कमी असताना मात्र गरगर फुगडी नको : हात सुटला तर मनगट आणि खुबा दोन्ही जातात. आणि मुलींना तर खेळू द्याच. वयात येण्याच्या आसपासच्या दोनच वर्षांत आयुष्यभराच्या हाडाचा सुमारे पाव हिस्सा जमा होतो. नेमकं त्याच वयात आपण त्यांना मैदानावरून क्लासला बसवतो.

तोलासाठी रोज पाच मिनिटं, ओट्याजवळ उभं राहून : पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाच-अंगठा एका रेषेत, मग एका पायावर. प्रत्येक दहा सेकंद. जमलं की मान डावी-उजवीकडे फिरवत करा. फरशीच्या सांध्यावरून रेषेत चालणं हाही चांगला सराव आहे.

योगासनांबद्दल विचारणा हमखास होते. ताडासन, वृक्षासन, वीरभद्रासन, हलकं भुजंगासन उत्तम. घनता कमी असेल तर पश्चिमोत्तानासन, हलासन, सर्वांगासन आणि जोराचे पीळ सोडून द्या. सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून, अर्ध्यावर थांबवा. शिक्षकांना आपला रिपोर्ट आधी दाखवा. वर्गात सगळ्यांबरोबर कपाळ गुडघ्याला लावलंच पाहिजे असा काही नियम नाही.

पायरी सहावी : ताटात आणि उन्हात

कॅल्शियम प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्यांना १२०० च्या आसपास. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठातून साधारण ३५० मिळतं, म्हणजे दोन भाकऱ्या. एक कप दुधातून किंवा दह्यातून अडीचशेच्या आतबाहेर. बिनसडीचे तीळ चमचाभर घेतले तर शंभरेक. सोललेल्या पांढऱ्या तिळात फार कमी. माठ, राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला चांगले. पालकातलं कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही. किनारपट्टीवर काट्यासकट खाता येणारे छोटे मासे आहेतच. एवढं ताटात येत असेल तर गोळीची गरज थोडीच उरते.

गोळी घ्यायची असेल तर एका वेळी ५०० पेक्षा जास्त नको, कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, आणि लोहाच्या किंवा थायरॉईडच्या गोळीबरोबर कधीच नाही. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं.

प्रथिनं मात्र सगळे विसरतात. साठ किलो वजनाला रोज साठ-सत्तर ग्रॅम हवीत. वरण पातळ, भाजी बटाट्याची आणि आठवड्यात दोन उपास साबुदाण्यावर, अशाने स्नायू टिकत नाही. उपासाला राजगिरा, दाणे, दही, पनीर घ्या. एरवी उसळी, अंडी, मासे, सोयाबीन. तंबाखू सोडा, मिश्रीही त्यातच आली.

आणि कोवळं ऊन. सकाळी सातच्या उन्हात छान वाटतं, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण तेव्हा जवळजवळ नसतात. ते अकरा ते दोनच्या उन्हात असतात, आणि खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. हात-पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं, उन्हाळ्यात झेपेल तेवढंच. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. दुकानातून आपणहून वर्षानुवर्षं घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

औषधांबद्दल थोडंसं

औषध लिहिणं माझं काम नाही, ते थांबवू न देणं मात्र आहे. ऑस्टिओपोरोसिस ठरल्यावर किंवा हाड मोडून झाल्यावर नुसत्या व्यायामावर भागत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली असेल तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब हे हाडाची झीज रोखणारं इंजेक्शन चालू असेल तर तारीख चुकवू नका. ते मधेच सोडलं तर झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके चेपू शकतात. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना या औषधांची कल्पना द्या.

पायरी सातवी : घर

संध्याकाळी घरात एक फेरी मारा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन. पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा लागतो का? वाटेत सुटं पायपुसणं, वायर, नातवाची गाडी आहे का? मोरीत बसायला स्टूल आणि भिंतीत घट्ट बसवलेला दांडा आहे का? टॉवेल अडकवायचा रॉड हा आधाराचा दांडा नव्हे, तो हातात निखळून येतो. उंबरठ्यावर रंगाची पट्टी मारा. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ दर आठवड्याला घासा. साडी घोट्याच्या वर नेसा, मागे पट्टा असलेली चप्पल घाला.

दिवाळीची साफसफाई हा आमच्या ओपीडीचा मोसम असतो. माळ्यावर चढायचं काम साठीपुढच्या माणसाने करायचं नाही, एवढा नियम घरात लावून टाका. रोज लागणारे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणा. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते का, ते डॉक्टरांना सांगा. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका.

पडल्यावर उठायचं कसं, हेही धडधाकट असतानाच गादीवर शिकून ठेवा : कुशीवर वळा, कोपरावर या, मग ओणव्याने खुर्चीपर्यंत रांगत जा, हात खुर्चीवर, बळकट पाय पुढे, आणि वर. पण पाय आखूड दिसत असेल, बाहेर वळला असेल, टेकवत नसेल, तर उचलायची घाई नको, रुग्णवाहिका बोलवा. मालिश नको, हाडवैद्य नको, "वय झालं, आता पडूनच राहू दे" हेही नको. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी आणि दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहावा. अंथरुणावर गेलेला प्रत्येक दिवस स्नायू नेतो.

हे चारजणींपर्यंत न्यायचं असेल तर

महिला मंडळ, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीचा हॉल, कुठेही तासाभरात होतं. पडद्यावर आकडे दाखवू नका, दहाव्या मिनिटाला निम्म्या जणी पेंगतात. एक टेप, एक बिनहाताची खुर्ची, चार काठ्या आणि पाण्याच्या बाटल्या एवढं सामान पुरे. आल्या आल्या प्रत्येकीची उंची भिंतीवर मोजा, नाव-तारीख लिहा. मग खुर्चीची चाचणी एकमेकींनी घ्यायची. इथे हशा होतो आणि लाजणाऱ्याही पुढे येतात. मग काठी घेऊन वाकणं, मग बादली. शेवटी पहिल्या पायरीतले प्रश्न मोठ्याने वाचा आणि 'हो' आलेल्या बायकांना डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी द्या : "पन्नाशीनंतर किरकोळ पडून हाड मोडलं आहे" किंवा "उंची इतकी कमी झाली आहे, डेक्साचा विचार व्हावा." प्रायोजक घ्यायचा असेल तर चहाचा घ्या, गोळ्यांच्या कंपनीचा नको.

फिजिओथेरपिस्ट मित्रमैत्रिणींनो, आपल्या केसपेपरवर दोन ओळी वाढवा : पन्नाशीनंतरचं फ्रॅक्चर, आणि तरुणपणची उंची. मनगट, खांदा, पाठ, काहीही घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारा. उत्तर आलं की त्याच दिवशी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. चिठ्ठी पेशंटच्या पिशवीत राहून जाते.